वीस वर्षांची उमेदवारी : आफ्रिकेत कॅथलिक धर्मगुरू कसे घडले

२९ जून १९१३ रोजी युगांडातल्या व्हिला मारिया या मिशन केंद्रात बाझिलिओ लुमू आणि व्हिक्टर मुकासा यांची गुरुदीक्षा झाली. हे दोघं सेमिनरीत दाखल झाले तेव्हा १८९३ साल होतं. म्हणजे धर्मगुरू व्हायला त्यांना सुमारे २० वर्षं लागली. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यानंतर आलेली कितीतरी मुलं मधल्या काळात घरी परतली. या दोघांनी मात्र तारुण्य तिथंच काढलं.

व्हिला मारिया ज्या बुगांडा राज्यात होतं तिथंच, याच काळात, शेजारच्या अँग्लिकन (इंग्लंडच्या प्रोटेस्टंट चर्चच्या) मिशनने आपल्या पहिल्या गांडा, म्हणजे बुगांडातल्या, डीकनांना (डीकन ही धर्मगुरूच्या आधीची पायरी) १८९३ मध्येच दीक्षा दिली आणि १८९६ मध्ये त्यांच्याकडे स्थानिक धर्मगुरूही झाले. लोक तेच आणि राजा तोच. अँग्लिकनांना तीन वर्षांत जमलं ते कॅथलिकांना वीस वर्षांत का? आफ्रिकेतल्या कॅथलिक सेमिनरींचा इतिहास समजून घ्यायचा तर सुरुवात याच प्रश्नापासून केलेली बरी.

आधी सेमिनरी म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. वसईच्या किंवा गोव्याच्या वाचकाला हे सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. कॅथलिक धर्मगुरू घडवणारी निवासी संस्था म्हणजे सेमिनरी. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये प्रत्येक बिशपने आपल्या धर्मप्रांतात अशी संस्था काढावी असा ठराव केला. त्याआधी युरोपातही धर्मगुरूचं शिक्षण बेभरवशाचं होतं. कुणी एखाद्या वडीलधाऱ्या फादरच्या हाताखाली चार लॅटिन प्रार्थना शिकला की दीक्षा घेऊन मोकळा. लूथरच्या बंडानंतर चर्चला हा गलथानपणा परवडेना. मग लहान सेमिनरी आणि मोठी सेमिनरी अशी दोन टप्प्यांची घडी बसत गेली. लहान सेमिनरी म्हणजे वसतिगृहासह शाळा. मोठ्या सेमिनरीत आधी तत्त्वज्ञान, मग ईश्वरशास्त्र. जोडीला प्रार्थना, मौन, श्रम आणि वरिष्ठांची सततची नजर. त्या नजरेचं महत्त्व कमी लेखू नये. उमेदवार परीक्षेत पहिला आला तरी ‘स्वभाव योग्य नाही’ एवढ्या शेऱ्यावर त्याला घरी पाठवता येतं.

आफ्रिकेतला स्थानिक धर्मगुरू ही कल्पना तशी जुनीच. काँगोचा राजा अफोन्सो याचा मुलगा हेन्रिक पोर्तुगालमध्ये शिकला आणि १५१८ मध्ये पोप दहाव्या लिओने त्याला बिशपपद दिलं. पण पोर्तुगालच्या राजाला आपल्या धर्मसत्तेत वाटेकरी नको होता आणि हेन्रिकनंतर ती वाट बुजली. आपल्याकडचं उदाहरणही याच जातीचं आहे. दिवाडी बेटावरचे मातेउश दे कास्त्रू गोव्यात दीक्षा मिळेना म्हणून थेट रोमला गेले. तिथं शिकले आणि १६३७ मध्ये बिशप झाले. परत आल्यावर गोव्याच्या पोर्तुगीज मंडळींनी त्यांना जुमानलं नाही. रोमला स्थानिक धर्मगुरू हवे होते, त्यासाठी तिथं १६२७ मध्ये उर्बान कॉलेजही निघालं होतं. ज्यांच्या जहाजांतून मिशनरी जात त्या राजसत्तांना ते नको होते. या ओढाताणीत दोन-अडीचशे वर्षं गेली.

युगांडात चित्र वेगळं होतं, कारण तिथं मिशनरी आधी पोचले आणि वसाहतीची सत्ता नंतर. कार्डिनल लाव्हिजरी यांनी अल्जिअर्समध्ये स्थापन केलेल्या ‘व्हाइट फादर्स’ या संघाचे फादर लूर्देल आणि ब्रदर आमांस फेब्रुवारी १८७९ मध्ये व्हिक्टोरिया सरोवर ओलांडून राजा मुतेसाच्या दरबाराकडे आले. अँग्लिकन त्यांच्या दोन वर्षं आधी आलेले होते आणि मुसलमान व्यापारी त्याहूनही आधी. दरबारातल्या तरुण सेवकांनी या नव्या धर्मांत इतका रस घेतला की पुढच्या राजाला, म्वांगाला, त्यांची निष्ठा राजाकडे की परक्या देवाकडे असा संशय येऊ लागला. १८८५ ते १८८७ या काळात अनेक ख्रिस्ती तरुणांना ठार मारण्यात आलं. चार्ल्स ल्वांगा आणि त्याच्या सोबत्यांना ३ जून १८८६ रोजी नामुगोंगो इथं जाळण्यात आलं. या काळात मारल्या गेलेल्यांपैकी २२ कॅथलिकांना १९६४ मध्ये संतपद मिळालं. लूर्देल आल्याला तेव्हा सात वर्षं झाली होती आणि पहिला स्थानिक धर्मगुरू व्हायला अजून सत्तावीस होती. गांडा कॅथलिकांनी धर्मासाठी मरून दाखवलं होतं. मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) अर्पण करायला मात्र ते अजून लायक ठरले नव्हते.

सेमिनरी कुठे उभी राहिली, यामागेही एक लढाई आहे. जानेवारी १८९२ मध्ये मेंगोच्या टेकडीवर कॅथलिक आणि प्रोटेस्टंट गटांत लढाई झाली. ब्रिटिश कंपनीच्या कॅप्टन लुगार्डच्या मॅक्सिम मशीनगनने निकाल लावला आणि हरलेले कॅथलिक नैर्ऋत्येला बुद्दू प्रांतात सरकले. पुढे वाटाघाटीत बुद्दू त्यांच्याच वाट्याला आला. आजचा मसाका भाग तो हाच. तिथंच हेन्री स्ट्राइखर या तरुण फ्रेंच मिशनऱ्याने व्हिला मारिया वसवलं. बिशप इर्थ यांनी सुरू केलेली लहानशी सेमिनरी पुढे बुकालासाला स्थिरावली. १९११ मध्ये मोठी सेमिनरी काटिगोंडो इथं वेगळी झाली. युगांडातली ही सर्वांत जुनी मोठी सेमिनरी आजही चालू आहे.

आता त्या वीस वर्षांकडे येऊ.

पहिलं कारण लॅटिन. मिस्सा लॅटिनमध्ये, प्रार्थनाग्रंथ लॅटिनमध्ये आणि ईश्वरशास्त्राची पाठ्यपुस्तकंही लॅटिनमध्ये. फ्रान्समधल्या मुलाला ही भाषा जवळची, कारण त्याची मायबोली तिच्याच पोटातून आलेली. बुद्दूतल्या मुलाला आधी आपल्याच भाषेत लिहा-वाचायला शिकायचं होतं आणि लुगांडात लिहायची रीतच मुळात मिशनऱ्यांबरोबर नवी आलेली. म्हणजे अक्षरओळखीपासून मध्ययुगीन ईश्वरशास्त्रज्ञ थॉमस अक्विनासपर्यंतचा पल्ला एका पिढीत, एकाच माणसाने गाठायचा होता. अँग्लिकनांकडे ही अट नव्हती. त्यांची उपासना लुगांडात चालायची, बायबलही लुगांडात आणि त्यांनी दीक्षा दिली ती बहुतेक वयाने प्रौढ, समाजात वजन असलेल्या माणसांना.

दुसरं कारण ब्रह्मचर्य. अँग्लिकन धर्मगुरू संसार करतो, त्यामुळे हा प्रश्नच त्यांच्यापुढे नव्हता. कॅथलिक उमेदवाराला लग्न सोडावं लागायचं आणि बुगांडात ते किती मोठं मागणं होतं हे समजायला तिथली कुळव्यवस्था पाहावी लागते. गांडा समाज कुळांमध्ये विभागलेला आहे. कूळ बापाकडून येतं आणि मुलांची नावं कुळाच्या ठरलेल्या नावांमधून ठेवतात. माणूस गेला की काही काळाने मोठा विधी होतो. त्यात कूळ एकत्र जमतं आणि सगळ्यांसमोर मृताचा वारस नेमला जातो. तो वारस मृताची जागा घेतो, नुसती मालमत्ता नव्हे. ज्याला मूलच नाही त्याची जागा कोण घेणार? पुत्राशिवाय गती नाही असं मानणाऱ्या समाजात वाढलेल्या आपल्या वाचकाला या प्रश्नाची धार वेगळी सांगायला नको. त्यामुळे सेमिनरीत मुलगा पाठवणं हा एकट्या मुलाचा निर्णय नसायचा. सगळं कूळ त्यात आपली एक फांदी गमावत होतं. नातेवाईक मुलांना परत न्यायला येत यात नवल नाही. नवल वाटतं ते जे राहिले त्यांचं.

तिसरं कारण मिशनऱ्यांच्या मनात होतं. त्या काळच्या युरोपीय माणसाला आफ्रिकी माणूस लहान मुलासारखा वाटायचा आणि बरेच मिशनरीही याला अपवाद नव्हते. म्हणून पारख लांबत गेली. मध्येच मुलांना धर्मशिक्षक म्हणून खेड्यात पाठवायचं, टिकतात का ते पाहायचं आणि मग परत बोलवायचं. स्ट्राइखर १८९७ मध्ये बिशप झाल्यावर त्यांनी सेमिनरीचा पाठपुरावा हट्टाने केला. स्थानिक धर्मगुरू ही त्यांची पहिली प्राथमिकता होती, आणि हे घाईचं आहे असं म्हणणारे त्यांच्याच संघात होते.

इथं माझं मत सांगून टाकतो. ही वीस वर्षं अपमानास्पद होती. लुमू आणि मुकासा यांना जी कसोटी लावली ती अनेक युरोपीय मिशनऱ्यांनाही जड गेली असती. पण याच अटीतून एक अनपेक्षित गोष्ट निघाली. पट्टी खाली न आणल्यामुळे १९१३ मध्ये जे धर्मगुरू बाहेर पडले त्यांना दुय्यम ठरवायला कुणाला जागा उरली नाही. त्यांचं लॅटिन रोमच्या तोडीचं होतं आणि त्यांचे अधिकार फ्रेंच फादरइतकेच. मदतनीस धर्मगुरू अशी खालची पायरी तिथं तयार झाली नाही. इतर ठिकाणी ती हळूहळू झालेली दिसते. पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी ३० नोव्हेंबर १९१९ च्या ‘माक्सिमुम इल्लुद’ या पत्रात मिशनऱ्यांची याच मुद्द्यावर कानउघाडणी केली : स्थानिक धर्मगुरूंना परक्यांच्या हाताखालची किरकोळ कामं करण्यापुरतं शिकवू नका, एक दिवस आपल्या लोकांची धुरा त्यांनीच वाहायची आहे असं समजून घडवा. बुद्दूत हे काम तोवर सुरू झालेलं होतं.

त्याचं फळ दिसायला अजून वीस वर्षं लागली. काटिगोंडोत शिकलेले जोसेफ किवानुका १९२९ मध्ये धर्मगुरू झाले. त्यांनी रोमला जाऊन चर्चच्या कायद्यात डॉक्टरेट मिळवली. २९ ऑक्टोबर १९३९ रोजी पोप बारावे पायस यांनी सेंट पीटर्स बॅसिलिकात त्यांना बिशपपद दिलं. सहारापलीकडच्या आफ्रिकेतले, लॅटिन विधीचे, आधुनिक काळातले ते पहिले कृष्णवर्णीय बिशप. युरोपात दुसरं महायुद्ध नुकतंच पेटलं होतं आणि वंशश्रेष्ठत्वाचा डांगोरा पिटणारं सरकार पोलंडमध्ये घुसलं होतं. त्या महिन्यात रोममध्ये हा सोहळा होणं याचा अर्थ लोकांना बरोबर कळला. मसाका भाग त्यांच्याकडे सोपवला गेला आणि तिथलं कामकाज पूर्णपणे आफ्रिकी धर्मगुरूंच्या हाती आलं. हा प्रयोग फसावा अशी काहींची मनोमन इच्छा होती, त्यामुळे किवानुकांवर सगळ्यांची नजर. त्यांनी धर्मग्रामांत (एकेका चर्चच्या परिसरात) लोकांनी निवडलेल्या समित्या नेमल्या, शाळांसाठी पालकांच्या संघटना उभ्या केल्या आणि आपल्या धर्मगुरूंना परदेशी शिकायला पाठवलं. धर्मग्रामाच्या कारभारात सामान्य माणसांना असा वाटा देणं तेव्हा युरोपातही फारसं रुळलेलं नव्हतं. काटिगोंडोतच शिकलेले शेजारच्या टांगानिकातले (आजचा टांझानिया) लॉरेअन रुगाम्ब्वा १९६० मध्ये आधुनिक काळातले पहिले आफ्रिकी कार्डिनल झाले.

एक व्यावहारिक प्रश्न राहतोच : वीस वर्षं मुलाला खायला कोण घालणार? गावकरी केळी, रताळी, घेवडा देत आणि मुलं स्वतःही शेतात राबत, पण पुस्तकं, इमारती, शिक्षक यांचा खर्च युरोपातून यायचा. त्याची व्यवस्था उभी केली ती फ्रान्सच्या काँ शहरातल्या स्तेफानी आणि झान बिगार्द या मायलेकींनी. नागासाकीच्या फ्रेंच बिशपने त्यांना कळवलं होतं की पैशांअभावी मुलांना सेमिनरीतून परत पाठवावं लागतंय. त्यावरून १८८९ मध्ये त्यांनी ‘संत पेत्राची संस्था’ काढली. एका देणगीदाराने एका विद्यार्थ्याचा खर्च उचलायचा, अशी त्यांची सोपी कल्पना होती. मायलेकींनी स्वतःचं होतं नव्हतं ते यात घातलं. १९२२ मध्ये पोपने ही संस्था थेट आपल्या छत्राखाली घेतली.

स्थानिक धर्मगुरूंची गरज तेव्हा सगळीकडेच जाणवत होती. बुद्दूत मुलं गोळा होत होती त्याच १८९३ मध्ये पोप तेराव्या लिओने भारतासाठी श्रीलंकेत कँडी इथं सेमिनरी काढली. ‘हे भारता, तुझेच पुत्र तुझ्या तारणाचे सेवक होतील’ अशा अर्थाचं लॅटिन वचन तिच्या ब्रीदात आहे. ती १९५५ मध्ये पुण्यात आली. नगर रस्त्यावरची पेपल सेमिनरी ती हीच.

बिगार्द मायलेकींचं नाव आज सर्वाधिक घेतलं जातं ते नायजेरियात. आयरिश बिशप शानाहन यांनी १९२४ मध्ये इग्बारियाम इथं सुरू केलेली सेमिनरी दोन-तीन ठिकाणं बदलत १९५१ मध्ये एनुगूला आली आणि ‘बिगार्द मेमोरियल सेमिनरी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. युगांडाची गोष्ट संथ चिकाटीची आहे, तर नायजेरियातली धक्क्याची. १९६७ मध्ये पूर्व नायजेरिया बियाफ्रा म्हणून फुटून निघाला आणि यादवी युद्ध पेटलं. एनुगू पडलं, सेमिनरीची पांगापांग झाली. आयरिश मिशनऱ्यांनी तिथल्या उपाशी इग्बो जमातीच्या लोकांना मदत पोचवली होती. १९७० मध्ये युद्ध संपल्यावर सरकारने तो राग काढला आणि त्या मिशनऱ्यांना देशाबाहेर घालवलं. कित्येक दशकांत उभं राहिलेलं चर्च काही महिन्यांत परदेशी धर्मगुरूंविना झालं.

बाहेरच्यांना वाटलं, आता हे कोसळणार. झालं उलटंच. बिगार्दमधून बाहेर पडलेले धर्मगुरू जागेवर होते. ओनित्शाचे आर्चबिशप फ्रान्सिस अरिन्झे जेमतेम पस्तिशी ओलांडलेले. ते बिगार्दमध्येच शिकलेले आणि शिकवलेले. युद्धाच्या जखमा घेऊन आलेली मुलं इतक्या संख्येने सेमिनरीच्या दारात उभी राहिली की १९७६ मध्ये इकोट एक्पेने इथं दुसरं आवार काढावं लागलं. मिशनरी घालवणाऱ्या सरकारने नकळत त्या चर्चला प्रौढ केलं. आणखी वीस वर्षांनी मिशनरी आपणहून गेले असते तर हे असंच घडलं असतं का, याची मला शंका आहे.

सेमिनरीची दुसरी एक भूमिका कुणी ठरवून दिलेली नव्हती. दहांतले जे आठ-नऊ दीक्षेपर्यंत पोचत नसत ते लिहायला-बोलायला शिकलेले, शिस्तीचे तरुण असायचे. वसाहतीत आफ्रिकी मुलांसाठी माध्यमिक शाळाच थोड्या, त्यामुळे हेच पुढे शिक्षक, कारकून आणि पुढारी झाले. सेनेगलचे पहिले अध्यक्ष सेंघोर डाकारच्या सेमिनरीत होते, तिथं त्यांना नकार मिळाला. काँगोचे पहिले अध्यक्ष कासावुबू सेमिनरीतूनच बाहेर पडलेले. रवांडाचे कायिबांदा न्याकिबांदा सेमिनरीचे विद्यार्थी. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाचे नेते बोगांदा तर दीक्षित धर्मगुरूच होते. स्वातंत्र्याच्या पिढीचं व्याकरण आणि वक्तृत्व बऱ्याच प्रमाणात सेमिनरीच्या बाकांवर तयार झालं. त्या पिढीची करडी वृत्तीही बहुधा तिथलीच.

हे सगळं गोड गोड वाटायला नको. वेगवेगळ्या जमातींची मुलं वर्षानुवर्षं एका छताखाली जेवतात-झोपतात, म्हणून सेमिनरीतून वांशिक भेद गळून पडतात असं म्हणतात. ते कधी खरं ठरतं, कधी सपशेल खोटं. बुरुंडीतल्या बुटा इथल्या लहान सेमिनरीवर ३० एप्रिल १९९७ च्या पहाटे बंडखोरांनी हल्ला केला. वसतिगृहात घुसून त्यांनी मुलांना हुतू आणि तुत्सी असं वेगळं व्हायला सांगितलं. मुलं हलली नाहीत. चाळीस मुलं मारली गेली, त्यांत दोन्ही जमातींची होती. अशी वेळ येण्याआधीच्या वर्षांत तिथल्या शिक्षकांनी मुलांशी या विषयावर उघड बोलणं चालू ठेवलं होतं, हे लक्षात घेतलं पाहिजे.

याच्या विरुद्ध उदाहरण नायजेरियातल्या आहिआरा धर्मप्रांताचं. म्बाइसे हा तिथला भाग इतके धर्मगुरू देतो की त्याची ख्याती देशभर आहे. २०१२ मध्ये रोमने पीटर ओकपालेके यांना तिथले बिशप नेमलं. तेही इग्बोच, पण म्बाइसेचे नव्हेत. धर्मगुरूंनी आणि लोकांनी त्यांना धर्मप्रांतात पाऊल ठेवू दिलं नाही. २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी प्रत्येक धर्मगुरूने तीस दिवसांत स्वतः आज्ञापालनाचं पत्र लिहावं असं फर्मावलं. पत्रं आली, तिढा सुटला नाही. २०१८ मध्ये ओकपालेके पायउतार झाले. नंतर त्यांना नव्या एक्वुलोबिया धर्मप्रांताचं बिशपपद मिळालं आणि २०२२ मध्ये ते कार्डिनल झाले. आठ-दहा वर्षं एकत्र शिकलेले धर्मगुरूही शेवटी आपला गावचा माणूस मागतात, हे या प्रकरणात उघडं पडलं. इतके धर्मगुरू आम्ही दिले, मग बिशप आमचा का नको, या तक्रारीलाही वजन होतं, हे मान्य करायला हवं.

आज अभ्यासक्रम वीस वर्षांचा राहिलेला नाही. लहान सेमिनरीनंतर साधारण एक वर्ष पूर्वतयारी, दोन-तीन वर्षं तत्त्वज्ञान, मध्ये धर्मग्रामात प्रत्यक्ष कामाचा काळ, चार वर्षं ईश्वरशास्त्र, मग डीकन आणि त्यानंतर गुरुदीक्षा. युगांडात काटिगोंडोला तत्त्वज्ञान शिकायचं आणि ईश्वरशास्त्रासाठी कंपालाजवळच्या ग्गाबाला किंवा किन्यामासिकाला जायचं, अशी वाटणी आहे. लॅटिनची जागा इंग्रजीने घेतली आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा स्थानिक भाषांत होऊ लागली आणि सेमिनरीच्या प्रार्थनामंदिरांत ढोल आले. पूर्वी तेच ढोल मूर्तिपूजेचे म्हणून बाहेर ठेवलेले होते.

अडचणींचं रूपही बदललं आहे. जगातल्या मोठ्या सेमिनरींच्या विद्यार्थ्यांपैकी जवळपास एक तृतीयांश आता आफ्रिकेत आहेत. स्ट्राइखरना मुलं टिकत नाहीत ही काळजी होती. आजच्या रेक्टरला (सेमिनरीच्या प्रमुखाला) यातल्या किती जणांना खरंच धर्मगुरू व्हायचंय ते ओळखायचं असतं. जिथं बेकारी आहे तिथं सेमिनरी म्हणजे फुकटाचं चांगलं शिक्षण, समाजात मान आणि परदेशी जायची शक्यता. शिकवणारे मात्र अपुरे, एका शिक्षकाकडे इतकी मुलं की एकेकाला जवळून ओळखणं जमत नाही. खर्चाचा मोठा भाग अजूनही रोममार्फत येणाऱ्या देणग्यांवर चालतो, त्याच संत पेत्राच्या संस्थेतून.

आणि प्रवाह उलटा वाहू लागला आहे. शानाहन ज्या आयर्लंडमधून आले तिथल्या सेमिनरी ओस पडल्या आहेत. तिथल्या, तसंच जर्मनी-फ्रान्समधल्या धर्मग्रामांत आता नायजेरियन, काँगोली, युगांडन फादर मिस्सा करतात. त्यासाठी दोन बिशपांमध्ये करार होतो. किती वर्षांसाठी, पगार कुणी द्यायचा, मुदत संपल्यावर परत यायचं की नाही, हे त्यात लिहिलेलं असतं. हे मागणं आलं की आफ्रिकेतला बिशप पेचात पडतो. युरोपात धर्मगुरू कमी दिसत असले तरी दर धर्मगुरूमागे कॅथलिकांची संख्या मोजली तर टंचाई आफ्रिकेतच जास्त आहे. तिथं एकेका फादरकडे दूरदूरची डझनभर खेडी असतात आणि त्यांतल्या कित्येकांत रविवारची प्रार्थना आजही धर्मशिक्षकच घेतो.